सिराजने थंड केलेली गाडी

"हात लावू नको त्याला, गौराबाय! सालटं निघंल!"

सिराज गाडीखालच्या खड्ड्यातून ओरडला, पण तोवर गौराबाईने पापड टेकवला होता. गिअरबॉक्सचा चेंबर, म्हणजे त्याच्या तळाचं तेलाचं ताट, सिराजने नुकतंच खोलून रस्त्याकडेच्या दगडावर पालथं ठेवलं होतं. गौराबाई शिळफाट्यावर शेंगा विकायची. फुकटचा विस्तव दिसला की तिला राहवत नसे. पापड एका बाजूने फुलला, तिने चिमटीने उलटला, दुसऱ्या बाजूनेही फुलला. त्यातला अर्धा मी स्वतः खाल्ला. जरा तेलकट होता, बाकी तक्रार नाही.

"बघा शेठ," सिराजने खड्ड्यातून डोकं वर काढलं, "तुमच्या गाडीवर बाया पापड भाजायला लागल्या. आतातरी माझं ऐकाल का?"

शेठ माझ्या चहाच्या हॉटेलच्या सावलीत उभे होते आणि सारखे घड्याळ बघत होते. "अरे बाबा, तिकडे पुण्यात घोडे सुटतील. तू तेल भर आणि मला सोड."

"सोडतो की. दुसऱ्या वळणावरनं परत याल. मी कुटं जातोय?"

साल एकसष्ट-बासष्ट असेल. दारूबंदीचा कडक काळ, घाटाच्या तोंडाशी पोलिसांची चौकी, आणि चौकीच्या अलीकडे आम्ही. मुंबईहून पुण्याला जाणारी प्रत्येक मोटार शिळफाट्यावर घाम पुसायला थांबायची. माणसं माझ्याकडे चहा प्यायची, गाड्या सिराजकडे पाणी प्यायच्या.

पण शेठची गाडी पाण्यावर ऐकणारी नव्हती. अमेरिकेहून आलेली, पांढरी-निळी, होडीएवढी लांब. आत आठ सिलिंडर, आणि क्लचच नाही. गिअर आपले आपण पडायचे. तो नसलेला क्लच बघायला पळसदरीपासून माणसं आली होती. त्यातला पळसदरीचा पदू म्हणाला होता, "कारखानदार लावायला इसरला आसंल, त्याला कागद टाका." सपाटीवर ती अशी पळायची की लोधिवलीत कोंबडं आडवं आलं तर त्याची पिसं शिळफाट्यावर येऊन पडत. शेठचा तिच्यावर इतका जीव की त्यांनी ड्रायव्हर ठेवला नव्हता. चाक कुणाच्या हाती द्यायचं नाही म्हणजे नाही. रेसचा हंगाम सुरू झाला की दर शनिवारी ते एकटे पुण्याला निघायचे, आणि दर शनिवारी दुसऱ्या वळणावर गाडीला ताप भरायचा. इंजिन बोंबलायचं, चाकं जागची हलायची नाहीत, जळक्या तेलाचा वास सुटायचा. मग ती महाराणी उतारावरून गुपचूप घरंगळत सिराजच्या दारात येऊन उभी राहायची.

आता सिराजबद्दल सांगतो. उंच, सडसडीत, आणि बसणं हा प्रकार त्याला ठाऊक नव्हता. चहा उभ्याने, जेवण उभ्याने. अर्धी दाढी करून तो लॉरीमागे गेला आणि उरलेली अर्धी दुसऱ्या दिवशी केली, हे मी डोळ्यांनी पाहिलंय. त्याच्या निकाहाच्या वेळी बाहेरून एक लॉरी घरघरत गेली. काझीसाहेबांनी विचारलं, "कबूल?" हा म्हणाला, "टायमिंग चुकलंय." त्याची बायको सफुरा म्हणते, असं काही झालंच नव्हतं, हिरामण खोटारडा आहे. हिरामण म्हणजे मी. तिने म्हणावं, तिचा हक्क आहे. पण लॉरीचं टायमिंग खरोखरच चुकलेलं होतं.

तर त्या शनिवारी सिराजने शेठना माझ्या बाकड्यावर बसवलं, स्वतः उभा राहिला आणि दोन बशा समोरासमोर धरल्या.

"ह्यो एक पंखा, ह्यो दुसरा. मधी तेल. एक फिरला की तेल दुसऱ्याला फिरवतं. क्लच नाय, तेलच क्लच. सपाटीला मजा हाय. घाटात गाडी जड होते, पंखा फिरतो पन चाक मागं राह्यतं, मग तेल निस्तं घुसळत बसतं. ताक घुसळून लोणी येतं, तेल घुसळून विस्तव येतो."

"मग कारखान्याने काहीच सोय केली नाही?"

"केली ना. तेलाची नळी रेडिएटरच्या पाण्यातनं नेलीय, थंड व्हायला. पन घाटात ते पाणीच उकळतंय! उकळत्या पाण्यात बुडवून कोन थंड होतंय? ज्यानं केलं त्यानं आपला घाट बघितला नाय, त्याचा काय दोष."

शेठ विचारात पडले. सिराजने बशा माझ्याकडे परत दिल्या. एकीचा टवका उडाला होता.

"मी करतो थंड. मजुरी नको."

"मग काय पाहिजे?"

सिराज पहिल्यांदाच अडखळला. त्याने हात पुसले, परत पुसले. "एकदा मी चालवणार. हितनं खंडाळ्यापर्यंत, मधी न थांबता. तुमी बाजूला बसायचं."

आम्ही हसलो. शेठ हसले नाहीत. मलाही मग हसण्याची लाज वाटली, कारण मला माहीत होतं. मिसरूड फुटल्यापासून हा माणूस घाटाच्या पायथ्याशी गाड्यांना पाणी पाजत आला होता. लॉरीच्या टपावरून, क्लीनरच्या जागेवरून तो वर गेला असेल. पण चाक हाती धरून सबंध घाट त्याने कधी चढला नव्हता. लोकांच्या गाड्या बऱ्या करायच्या आणि त्यांची पाठ बघायची, एवढाच त्याचा घाट.

"चढव," शेठ म्हणाले, "मग तूच चालव. शब्द दिला."

त्यानंतर शिळफाट्याला झोप नाही. पहिल्या खेपेला सिराजने गिअरबॉक्सला ओली गोणपाटं गुंडाळली. ती वाळून पेटली. शेठ खाली आले तेव्हा बंब येऊन जावा तशी गाडी भिजलेली होती. पुढच्या खेपेला त्याने बर्फाची लादी आणून गाडीच्या पोटाशी बांधली. लादी पहिल्याच वळणावर सुटली आणि घसरत घसरत थेट माझ्या हॉटेलात शिरली. त्या दिवशी आयुष्यात पहिल्यांदा मी थंड सरबत विकलं. मग त्याने दगडी चेंबर... नाही, तेवढं खोटं नको. चेंबर लोखंडाचाच होता. जुन्यापेक्षा खोल, तेल जास्त मावणारा, खाली वाऱ्याला पट्ट्या जोडलेला. त्यामुळे गाडी दुसऱ्या वळणाऐवजी तिसऱ्या वळणावरून परत आली. सिराज म्हणाला, "बघितलं? ऐकायला लागली."

"गाड्या थंड करताय," सफुरा म्हणाली, "आदी सवताचं डोकं थंड करा. ताट वाढून दोन येळा गरम केलंय मी."

"सफुरा, तेलाला वाऱ्यावर न्यायला पायजे गं. पाण्यातनं काढून वाऱ्यावर. लांब नळी पायजे, तांब्याची, वेटोळी, जाड."

"असली नळी कुनाकडं आसती?"

दोघं एकमेकांकडे बघत राहिले. असली नळी कुणाकडे असते ते अख्ख्या तालुक्याला माहीत होतं.

पदूने हातभट्टी सोडल्याला फार दिवस झाले नव्हते. पळसदरीच्या रानात त्याचा धंदा चालायचा. चौकीचे कोंडाजी जमादार त्याच्यामागे इतके धावले की दोघांचीही ढेरी उतरली. शेवटी पदूच दमला आणि भाताकडे वळला. भट्टीची तांब्याची वेटोळी नळी मात्र त्याने पेंढ्यात लपवून ठेवली होती. सिराजने मागितली तेव्हा पदूने विचारलं, "दारू गाळतोस?"

"तेल थंड करतोय."

"तेच ते," पदू म्हणाला, "गरम आत जातं, थंड भायेर येतं. घेऊन जा."

शेठने त्या आठवड्यात गाडी शिळफाट्यावरच ठेवली आणि स्वतः रेल्वेने मुंबईला गेले. किल्ली दिली, एकच अट घातली. सपाटीवर हवी तेवढी पळव, पण घाटात माझ्यासमोरच न्यायची. सिराजने नळी रॉकेलने धुतली, पेट्रोलने धुतली, परत रॉकेलने धुतली. रेडिएटरच्या पुढे, जाळीच्या आत, जिथे वारा थेट येतो तिथे बसवली, आणि गिअरबॉक्सचं तेल पाण्यातून काढून तिच्यातून फिरवलं. मग लोधिवलीपर्यंत गेला, आला, गेला, आला. दर खेपेला गाडीखाली हात घालायचा आणि लहान पोराच्या कपाळावर ठेवावा तसा चेंबरवर ठेवायचा.

"हिरामण, हात लाव. माठ हाय माठ!"

मी हात लावला. भाजला, पण पापड फुलला नसता हे खरं.

त्या आठवड्यात तो घाटाच्या तोंडापर्यंत जायचा आणि गाडी वळवून आणायचा. एकदा मी म्हणालो, "जा की वर. शेठ काय बघतोय?"

"शब्द हाय."

"कुणाला कळतंय रं?"

"मला कळंल ना. मग शनिवारी काय मजा?" आणि तो परत लोधिवलीकडे सुटला. त्याला बघून मलाच धाप लागायची.

शनिवारी शेठ लोकलने कर्जतला आणि तिथून एका टेंपोत बसून आले. रेशमी सदऱ्यावर कोबीची पानं चिकटलेली. दसऱ्याच्या आधीचं ऊन, डांबर चपलेला चिकटणारं. शेठने गाडीभोवती एक फेरी मारली, जाळीतून नळीकडे बघितलं. मग पलीकडचा दरवाजा उघडला आणि ड्रायव्हरच्या बाजूला बसले. सिराज बघत राहिला.

"बस ना," शेठ म्हणाले. "घोडे थांबत नाहीत."

मी न विचारता मागे बसलो. कोण नाही म्हणतोय! ती गादी अशी होती की तिच्यावर बसल्यावर माणसाला आपण कुणाचंतरी देणं फेडलंय असं वाटावं. सफुरा दारात उभी होती. तिने फक्त पदर सारखा केला. सिराजने चाक धरलं. गाडी निघाली, आणि मी शपथेवर सांगतो, त्या माणसाचा पाय जो सदानकदा हलत असायचा तो हलायचा थांबला.

चौकीपाशी कोंडाजी जमादारांनी हात आडवा केला. नेहमीचाच हात होता. गाडी हळू झाली, वारा थांबला, आणि जाळीतून वास आला. रॉकेल हरलं होतं. तापलेल्या तांब्यातून नवसागराचा आणि मोहाचा तो जुना वास असा दरवळला की चौकीतला झोपलेला शिपाई उठून बसला.

जमादार वाकले. जाळीतून बघितलं. बराच वेळ बघितलं.

"ह्या नळीला मी वळखतो," ते म्हणाले. "हिच्यापाठी पळसदरीचं रान पालथं घातलंय मी. ह्यो पोचा दिसतो का? माझ्या बुटाचा हाय. सिराज, चालती भट्टी काढलीस होय रं?"

"जमादार, आत तेल हाय. गिअरचं तेल."

"आत काय का आसंना. भट्टीची नळी म्हंजे मुद्देमाल. काढ."

शेठ खाली उतरले. "मी कोण आहे माहीत आहे तुम्हाला?"

"नाय ना, म्हनून तर थांबवलं."

"अहो, मला पुण्याला जायचंय!"

"जावा की. नळी ठेवा आन् जावा."

"नळी काढली," सिराज चाकामागून म्हणाला, "तर तिसऱ्या वळणावरनं परत येतील."

"मग गाडी ठेवा."

शेठने घड्याळ बघितलं. मग सिराजकडे बघितलं. त्यांचं तोंड उन्हाने नाही, दुसऱ्याच कशाने लाल झालं होतं. जमादार तसे वाईट नव्हते. त्यांनी टोपी काढून डोकं खाजवलं आणि आवाज खाली आणला.

"हे बघ सिराज, वास शिपायानं घेतला, रस्त्यावरच्या मानसांनी घेतला. मला कायतरी दाखवायला लागंल. नळी नाय तर नळी लावनारा. सायब येतील दुपारपातूर, त्यांच्यापुढं तू उभा राह्यलास तर मी गाडी सोडतो. मोकळ्या हातानं कसा जाऊ मी?"

सिराजचे दोन्ही हात चाकावर होते. इंजिन चालू होतं. समोर घाटाचं पहिलं वळण उन्हात पांढरंफटक दिसत होतं, अगदी हाकेवर. मी मागून फक्त त्याची मान बघत होतो. नळी काढायला त्याला किती वेळ लागला असता? चहा उकळेपर्यंत. मग गाडी इथेच, शेठ इथेच, आणि पुढचा शनिवार, आणि त्याच्या पुढचा. चाक त्याचंच राहिलं असतं. पण गाडी तापलीच असती, आणि ते त्याला बघवलं नसतं.

तो उतरला. इंजिन बंद केलं नाही.

"शेठ, हिकडं बसा. पहिल्या वळणाला जोर देऊ नका, ती आपनच घेईल. दुसऱ्या वळणाला आवाज बसल्यागत वाटंल, घाबरायचं नाय, पाय तसाच ठेवायचा. थांबायचं नाय. पाण्याला पन थांबायचं नाय."

"सिराज, तू..."

"घोडं सुटतील तिकडं."

शेठ बसले. मीही उतरलो. उतरायला नको होतं, तसली गादी पुन्हा मिळाली नाही, पण उतरलो. गाडी गेली. पहिल्या वळणावर तिची निळी पाठ दिसली आणि मग फक्त आवाज राहिला.

आठ सिलिंडरांचा आवाज डोंगरात शिरला की तो तुटत तुटत येतो. कधी इकडच्या कड्यावरून, कधी तिकडच्या. जमादार म्हणाले, "सिराज, आत येऊन बस, ऊन..."

"गप बसा जमादार."

पोलिसाला असं कुणी बोललं नव्हतं. जमादार गप बसले. शिपायानेही जांभई अर्ध्यावर धरली.

दुसरं वळण आलं. आवाज खाली बसला, खरखरला, जाड झाला. इथेच ती पडायची. सिराजने उजवा पाय जमिनीत रोवला होता आणि तसाच दाबून धरला होता, धुळीत. "तसाच ठेव," तो पुटपुटला, "तसाच." मग वर कुठेतरी गिअर पडला, आवाज हलका झाला आणि चढू लागला. तिसरं वळण. मग किती, मी मोजली नाहीत. शिंगरोबाच्या देवळाशी हॉर्न वाजला, बारीक. त्यानंतर आवाज सुतासारखा झाला आणि कड्याच्या पलीकडे गेला.

आम्ही थांबलो. एक लॉरी उतरून आली. पुण्याची बस आली. एक म्हातारा म्हशी घेऊन आला. पांढरी-निळी गाडी आली नाही. कुणी न येण्याची एवढी वाट मी जन्मात बघितली नव्हती.

सफुरा आली ती डबा घेऊन आणि तोंड सोडून. कुणीतरी शिळफाट्यावर जाऊन सांगितलं होतं की सिराजला दारूत धरलं.

"दारू?" ती जमादारांवर धावली. "ह्या मानसाला चा बसून प्यायला फुरसत नाय, दारू कवा पीनार? वास घ्या त्याचा! घ्या! ग्रीस येतंय का दारू येतीय ते सांगा!"

जमादारांनी खरोखर वास घेतला. "ग्रीस," ते कबूल झाले.

"नळी कुठनं आनली, ते एकदा सांग," ते सिराजला म्हणाले.

"रस्त्यात पडली व्हती."

"पदूच्या पेंढ्यात?"

"रस्त्यात."

साहेब आले, जेवले आणि गेले. त्यांना काय दाखवणार? नळी एव्हाना पुण्यात घोड्यांजवळ उभी होती. जमादारांनी सिराजला चौकीच्या भिंतीशी उन्हं उतरेपर्यंत उभा ठेवला. उभं राहण्याची त्याला शिक्षा कसली! मग म्हणाले, "जा घरी. पुन्हा असली नळी दिसली तर मी बुटानं दुसरा पोचा पाडीन, नळीला नाय, तुला."

परत येताना सफुरा पुढे, सिराज मधे, मी मागे.

"चढली का?" तिने वळून न बघता विचारलं.

"चढली."

"मंग त्वांड आसं का केलंय?"

"दुसऱ्या वळणाला शेठनं जरा जास्त दाबलं," तो म्हणाला. "मी नसतं दाबलं."

रविवारी शेठ परतताना थांबले. मिठी मारली, सफुरासाठी बिस्किटांचा पत्र्याचा डबा दिला. "अरे, पाणीसुद्धा मागितलं नाही तिने! खंडाळ्याला चेंबरवर हात ठेवला, गार! पुढच्या खेपेला तू चालव. शब्द आहे तो, विसरलो नाही." आणि ते विसरले नव्हतेच, मी त्यांच्या डोळ्यांत बघितलं होतं. माणूस चांगला होता.

पुढच्या शनिवारी सिराजने दोन्ही गालांची दाढी एकाच दिवशी केली. सफुराने पेटीतून नवा सदरा काढून दिला. मी म्हणालो, "सिराज, बस जरा," तर तो बसलासुद्धा, माझ्या बाकड्यावर, कडेला. लोधिवलीकडून तो आवाज आला. तो उठला, रस्त्याच्या कडेला जाऊन उभा राहिला. गाडी आली, शेठने लांबूनच हॉर्न दिला, खिडकीतून हात काढून जोरात हलवला, हसले, आणि गाडी पुढे निघून गेली. चौकीपाशीही थांबली नाही, जमादारांनीही या वेळी हात आडवा केला नाही. का थांबावं? शिळफाट्यावर ती थांबायची ती तापायची म्हणून. थांबायचं कारणच सिराजने तिच्या पोटातून काढून टाकलं होतं.

आवाज घाटात शिरला, दुसरं वळण घेतलं, शिंगरोबापाशी बारीक झाला. मी गल्ल्यावरून सगळं बघत होतो आणि गिऱ्हाइकाची मोड परत द्यायची विसरलो. मी, हिरामण!

सिराज रस्त्याच्या मधोमध गेला, गाडी जिथून गेली होती तिथे, आणि उकिडवा बसला. मागून बसवाल्याने हॉर्न मारला, तो हलला नाही. त्याने डांबरावर बोट फिरवलं, इथे, मग जरा पुढे. बोट उजेडात धरून बघितलं.

"तेलाचा एक थेंब नाय," तो म्हणाला, मला की कुणाला कोण जाणे.

मग उठून बसवाल्याला वाट दिली, आणि ते स्वच्छ बोट नव्या सदऱ्याला पुसलं.